दार दिसणारी खुर्ची

मी त्या वर्गात तत्त्वज्ञान शिकायला गेले नव्हते. खुर्चीसाठी गेले होते.

अ‍ॅशबर्नच्या आमच्या मराठी शाळेला स्वतःची इमारत नाही. एका चर्चचे मागचे वर्ग मराठी मंडळाने रविवार दुपारसाठी घेतलेत. आईबाप मुलांना सोडतात आणि कॉस्टकोला जातात, नाहीतर गाडीत डुलकी काढतात. मी कुठेच जात नाही. रुही पाच वर्षांची आहे, तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे आणि त्या इमारतीचं मागचं दार थेट पार्किंग लॉटमध्ये उघडतं. मला एवढी कारणं पुरतात. डेटा सेंटरमध्ये माझं काम अलार्म बघायचं. कुठला सर्व्हर तापला, कुठे वीज कमी पडली, हे इतरांना कळायच्या आत मला कळायला हवं. थोडक्यात, काळजी करायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते.

नोव्हेंबरातला रविवार होता. बाहेर बारीक, बोचरा पाऊस. कॉरिडॉरमध्ये मी ज्या बाकावर बसायचे, तो कुणीतरी उचलून नेला होता. रुहीच्या वर्गासमोर आणखी एक खोली होती, कॉरिडॉरकडची तिची भिंत काचेची. आत दहाबारा माणसं, बहुतेक पिकल्या केसांची, कॉफीचे कप घेऊन बसलेली. शेवटच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. तिथून रुहीच्या वर्गाचं दार अगदी समोर दिसत होतं... मी जाऊन बसले.

पुढे एक माणूस इंग्रजीत बोलत होता. पस्तिशीचा, सावळा, स्वेटरच्या बाहीला मार्करची निळी रेघ लागलेली. फळ्यावर दोनच शब्द होते – अथेन्स आणि पॅरिस.

"मागच्या रांगेतल्या मॅडम," तो अचानक म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं? जगाला कधीतरी सुरुवात झाली असेल, की ते कायमचंच असेल?"

सगळी डोकी वळली.

"मी... सॉरी, मी समोरच्या वर्गावर लक्ष ठेवायला बसलेय. माझी मुलगी आहे तिथे."

"छान. कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं," तो म्हणाला. आणि फळ्याकडे वळता वळता, स्वतःशीच, स्वच्छ मराठीत – "निदान खरं तरी बोलली."

मी चमकले. त्या दिवशी प्रथमच माझी नजर दारावरून हलली.

तास संपल्यावर उल्हास काकांनी ओळख करून दिली. उल्हास काका म्हणजे आमच्या मंडळाचे निवृत्त हार्ट सर्जन; देवाला मानत नाहीत, पण वादाची संधी सोडत नाहीत, म्हणून या वर्गाला न चुकता येतात. "हे डॉक्टर मेल्विन तुस्कानो. कॉलेजात फिलॉसॉफी शिकवतात. आणि ही मृणालिनी."

तुस्कानो. मी मनातल्या मनात हिशोब मांडला – इटालियन असणार. कुठल्यातरी मराठी मित्राकडून भाषा शिकलेला दिसतोय. आणि कौतुकाने म्हणाले, "किती छान मराठी बोलता हो तुम्ही!"

"थँक यू," तो गंभीरपणे म्हणाला. "तुम्हीसुद्धा."

उल्हास काकांची कॉफी सांडली. "अगं, वसईचा आहे तो! पोर्तुगीजांनी आडनावं दिली, बाकी सगळं वसईचंच. आठवीपर्यंत मराठी शाळेत होता."

माझे कान तापले. "सॉरी. मला वाटलं –"

"इटालियन? चर्चच्या कमिटीलाही तेच वाटलं होतं," तो म्हणाला. "ज्या साधूबद्दल मी शिकवतो तो इटलीचा. त्यांना वाटलं, साधूही तिकडचा, मास्तरही तिकडचा. मीही बोललो नाही. वर्ग मिळत होता."

तेवढ्यात समोरचा वर्ग सुटला आणि मी निघाले. दारापाशी पोचल्यावर मागे वळून बघितलं. तो फळा पुसत होता, पण तोंड माझ्याकडे करून; पुसायचं राहिलेलं सगळं त्याच्या पाठीमागे होतं.

*

पुढच्या रविवारी बाक परत जागेवर आला होता. मी बाकाकडे बघितलं, मग त्या खुर्चीकडे... खुर्चीतून दार जास्त चांगलं दिसतं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं.

असं करत मी सगळा हिवाळा तिथे बसले. कान त्याच्याकडे, डोळे दाराकडे. तो ज्या दोघांबद्दल शिकवायचा, एक अथेन्सचा आणि दुसरा कित्येक शतकांनी पॅरिसला शिकवणारा, त्यांची लांबलचक नावं कॉलेजात मी परीक्षेपुरती पाठ केली होती. इथे आम्ही सगळे त्यांना नुसतं 'ग्रीक' आणि 'साधू' म्हणायला लागलो. ग्रीकाची बहुतेक पुस्तकं पश्चिम युरोपात कित्येक शतकं कुणाकडे नव्हती. अरबांनी ती सांभाळली, त्यावर लिहिलं, आणि तिथून फिरत फिरत ती पॅरिसला पोचली. पोचली आणि भांडण लागलं. ग्रीक म्हणत होता, जग कायमचंच आहे. चर्च म्हणत होतं, देवाने ते निर्माण केलं. आधी पुस्तकांवर बंदी आली. मग हा साधू आला, जाडजूड, अबोल, वर्गातली मुलं त्याला मुका बैल म्हणायची. त्याने शांतपणे सांगितलं की जगाला सुरुवात होती की नव्हती, हे नुसत्या बुद्धीने कुणालाच सिद्ध करता येणार नाही. ते श्रद्धेकडे राहू द्या. बाकी हा ग्रीक जे डोळे उघडे ठेवून सांगतोय, ते खरं असेल तर देवाला त्याची भीती कशाला वाटेल?

"म्हणजे साधूने ग्रीकाला बाटवला," उल्हास काका म्हणाले.

"नाही काका. जसा होता तसा शेजारी बसवला. जिथे पटलं नाही तिथे तसं सांगितलं. पण आधी त्याचं म्हणणं नीट मांडून."

साधूच्या लोकांचा वाद घालायचा नियम मला फार आवडला. त्या काळच्या विद्यापीठात आपलं मत आधी सांगायचं नाही. आधी समोरच्याचे आक्षेप मांडायचे. तेही लंगडे करून नाही, त्याला स्वतःला जमलं नसतं इतके भक्कम करून. मग 'पण' म्हणायचं. मग उत्तर. मेल्विनने यात स्वतःची एक अट घातली होती – समोरचा जोपर्यंत 'हो, हेच माझं म्हणणं' असं कबूल करत नाही, तोपर्यंत उत्तर द्यायची परवानगी नाही.

माझा घटस्फोट व्हायच्या आधी शैलेंद्र आणि मी वर्षभर भांडलो. या नियमाने भांडलो असतो तर कदाचित वेगळे झालोच असतो, पण लवकर आणि कमी दमून. आता शैलेंद्र जवळच हर्नडनला राहतो, शनिवारी रुही त्याच्याकडे असते. माणूस वाईट नाही. कोर्टाच्या कागदानुसार दुसऱ्याच्या संमतीशिवाय दोघांपैकी कुणीही रुहीला घेऊन हा भाग सोडायचा नाही.

जानेवारीत एकदा मेल्विन केळीच्या पानासारख्या कशात तरी गुंडाळलेलं पुडकं घेऊन आला. "सुकेळी. मावशीने वसईहून पाठवलीत. रुहीसाठी."

मी पुडकं उलटसुलट केलं. "यात काय काय आहे?"

"केळं."

"आणि?"

"ऊन."

"शेंगदाण्याचा हात वगैरे लागला असेल तर? म्हणजे जिथे वाळवतात तिथे..."

मला वाटलं, आता हा डोळे फिरवेल. सगळे फिरवतात. त्याने खिशातून फोन काढला. "मावशीला विचारलंय. तिने आख्ख्या वाडीचा इतिहास सांगितला. शेंगदाणा त्यांच्या घरात येत नाही, तिथल्या काकांना दात नाहीत. ऐकायचं आहे का? बारा मिनिटांचा मेसेज आहे."

मी तो मेसेज गाडीत बसून अख्खा ऐकला. शेवटी मावशी म्हणत होती, "आणि रे, ही बाई कोण, जिच्यासाठी एवढी चौकशी?" तेवढा भाग कापायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. किंवा राहिलं होतं.

रुहीला सुकेळी आवडली. "इट्स लाइक कॅरमेल, मम्मा, बट बनाना."

त्यानंतर आम्ही तास संपल्यावर थोडं थांबायला लागलो. रुही रेनकोट घालून पार्किंगच्या कडेच्या झोक्यावर, आम्ही बाजूला, त्याच्या हातात छत्री. तो 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आला, हे मला आठवत नाही, असं मी एकदा त्याला म्हणाले.

"बघ, याला म्हणतात सुरुवात सिद्ध करता न येणं," तो म्हणाला.

"फार हुशार."

"बरं, विषय घे. रुहीने झोका आणखी उंच घ्यावा की नाही? तुझी बाजू मी मांडतो." त्याने घसा साफ केला. "एक, साखळी ओली आहे. दोन, खाली रबर असलं तरी कडेला सिमेंट आहे. तीन, ती मागे वळून तुझ्याकडे बघते आणि बघताना एक हात सोडते. चार –"

"ती एक हात सोडते हे तुला कधी दिसलं?"

"केव्हाच. चार, समजा ती पडली, तर तिला लागेल ते बरं होईल. पण तू इथे उभी असून पडली, हे तुझं बरं होणार नाही. हेच ना तुझं म्हणणं?"

छत्रीवर पाऊस वाजत होता. माझी बाजू इतकी नीट मलाही कधी मांडता आली नव्हती.

"हो," मी म्हणाले. "हेच. आता उत्तर दे."

"उत्तर काही नाही. तुझं बरोबर आहे. साखळी खरंच ओली आहे." आणि त्याने हाक मारली, "रुही! दॅट्स हाय इनफ, बेटा!"

घरी जाताना दीपाचा फोन आला. तिचा मुलगा रुहीच्याच वर्गात आहे. "काय गं, रोमन साम्राज्य कुठवर आलं?"

"मध्ययुग," मी म्हणाले. "आणि काहीही नाहीये."

"मी कुठे काय म्हटलं? पण काहीही नसताना लिपस्टिक लावून मध्ययुगात कोण जातं यार?"

*

मार्चमध्ये विषय होता भीती.

ग्रीकाने भीतीची चिरफाड वैद्यासारखी केली होती – येऊ घातलेल्या संकटाच्या कल्पनेने होणारी वेदना. साधूने ते सगळं मान्य केलं आणि एक पाऊल पुढे गेला. ते संकट संकट का वाटतं? कारण त्याआधी काहीतरी आवडतं झालेलं असतं. जे आपलं नाही, ते हरवायची भीती कुणाला वाटते? म्हणजे भीतीचं मूळ खणत गेलात तर खाली प्रेम सापडतं.

मेल्विन हे सांगताना सगळ्यांकडे बघत होता, फक्त माझ्याकडे नाही. ठरवून बघत नाहीये हे इतकं उघड होतं की मला हसू यायला लागलं. "मग मी तीस वर्षं लोकांची हृदयं उघडली, मला आत भीतीच दिसायला हवी होती," उल्हास काका म्हणाले. मेल्विन म्हणाला, "काका, ती बाहेर वेटिंग रूममध्ये बसलेली असायची." सगळे हसले. मीही हसले, मोठ्याने, मान मागे टाकून.

मग दाराकडे बघितलं.

समोरचा वर्ग रिकामा होता. दिवेसुद्धा बंद.

मी कधी उठले ते आठवत नाही. खुर्ची पडल्याचा आवाज आठवतो. कॉरिडॉर रिकामा, बाथरूम रिकामी, मागचं दार – मागचं दार अर्धं उघडं. मी पार्किंग लॉटमध्ये पळाले. एक निळी गाडी मागे येत होती, मी तिच्या काचेवर हात आपटला. रुही! रुही! मागून मेल्विन ओरडत होता, "मृणालिनी, आत! ती आत आहे!"

ती चर्चच्या स्वयंपाकघरात होती. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाची तयारी होती, बाईंनी सगळ्या मुलांना तिथे नेलं होतं. रुही दीपाच्या शेजारी स्टुलावर बसून साखरेच्या गाठी दोऱ्यात ओवत होती. दीपाने शेंगदाण्याचं सगळं आधीच बाजूला केलेलं. "अगं, तुला काचेतून खूण केली मी," दीपा म्हणाली. "तू बघितलं नाहीस."

तेच तर. मी बघितलं नाही.

त्यानंतर मी त्या खुर्चीवर बसले नाही. बाकावरही नाही. रुहीच्या वर्गाच्या दाराशी जमिनीवर, भिंतीला टेकून बसायचे, काचेच्या खोलीकडे पाठ करून. मेल्विनचे मेसेज यायचे. मी उत्तर द्यायचे – बिझी आहे, रुहीला सर्दी आहे, ऑन कॉल आहे. सगळं खरं आणि सगळं खोटं.

तिसऱ्या रविवारी तो तासाच्या आधीच आला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

"मिनेसोटातल्या एका कॉलेजने बोलावलंय," तो म्हणाला. "कायमची नोकरी. इथली मेमध्ये संपते."

"अभिनंदन," मी म्हणाले. "कधी कळवायचंय?"

"येत्या बुधवारपर्यंत. इथे एका हायस्कूलमध्येही विचारलंय. मुलांना लॅटिन आणि तर्कशास्त्र शिकवायला." तो थांबला. "कुठे हो म्हणायचं, ते तुझ्यावर... नाही, चुकलं. ते माझ्यावर आहे. पण तुला विचारल्याशिवाय नाही. मला तुझ्याबरोबर राहायचंय, मृणालिनी. तुझ्या आणि रुहीच्या. आता तुझे आक्षेप मी मांडतो, चालेल?"

मी दाराच्या छोट्या काचेतून आत बघत राहिले. रुही 'ळ' गिरवत होती.

"एक. एक माणूस तिच्या आयुष्यात आधीच शनिवारपुरता झालाय. दुसरा आला, तिला सवय लागली आणि तोही गेला, तर दोष तुझा. दोन. मी रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातो, तू रुहीला ताप आला की देवाजवळ दिवा लावतेस. उद्या तिने विचारलं की खरं काय, तर आपण दोघं दोन उत्तरं देणार. तीन. तू इथून हलू शकत नाहीस. मी तुझ्यासाठी थांबलो, तर जन्मभर ते तुझ्या डोक्यावर. चार. नागपूरला तुझ्या आईला काय सांगायचं." त्याने माझ्याकडे बघितलं. "बरोबर मांडलं?"

"नाही."

"काय राहिलं?"

आतून मुलांचा एका सुरातला आवाज येत होता. ळ कमळातला. ळ बाळातला.

"तू बोलत असलास की मी दाराकडे बघत नाही," मी म्हणाले. "बाकी सगळं जमेल. दिवा, मिस्सा, आई... आईला मी बघून घेईन. पण मी त्या दिवशी हसत होते, मेल्विन. माझी मुलगी कुठे आहे हे मला माहीत नव्हतं आणि मी मान मागे टाकून हसत होते. तू जेवढा आवडतोस, तेवढी मी आंधळी होत जाते. हा माझा आक्षेप."

वाद घालून जिंकायचं शिक्षण घेतलेला माणूस. एखादं वाक्य काढेल, साधूचं नाहीतर ग्रीकाचं, असं वाटलं. नाही काढलं.

"याला माझ्याकडे उत्तर नाही," शेवटी तो म्हणाला. उठला, एका हाताने पँट झटकली. "उगाच काहीतरी सांगून तुला समजावणार नाही." आणि वर्गात गेला.

त्या दिवशी काचेपलीकडून त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू येत होता. मी वळून बघितलं नाही. पण ऐकलं सगळं.

*

मंगळवारी रुहीला डेकेअरमधून आणत होते. पाऊस नव्हता, नुसतं मळभ. आरशात ती दिसत होती, कार सीटमध्ये पाय हलवत.

"मम्मा, आर यू मॅड अ‍ॅट मिस्टर मेल्विन?"

"नाही गं. का?"

"यू डोन्ट सिट इन युअर चेअर."

सिग्नल लाल झाला. "त्या दिवशी तू स्वयंपाकघरात गेलीस ना, तेव्हा मम्मा घाबरली होती. मम्माचं लक्ष नव्हतं तुझ्याकडे. म्हणून आता दाराशी बसते."

"बट आय लुक्ड अ‍ॅट यू!" रुही म्हणाली. "बाई सेड लेट्स गो, अँड आय लुक्ड फर्स्ट. आय ऑल्वेज लुक फर्स्ट."

"काय बघतेस?"

"युअर फेस." तिला हे समजावून सांगायचा कंटाळा आलेला दिसला. "व्हेन यू आर स्केअर्ड, आय स्टे. यू वेअर लाफिंग. सो आय वेन्ट."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा होऊन गेला होता.

मी गाडी पुढे घेतली आणि पहिल्या रिकाम्या जागेत, एका डेंटिस्टच्या पार्किंगमध्ये थांबवली. इतके दिवस मला वाटत होतं, काचेतून मी तिच्यावर नजर ठेवतेय. ती तर पलीकडून माझ्यावर ठेवत होती. झोक्यावर एक हात सोडून मागे बघायची ती तेवढ्यासाठीच. माझ्या चेहऱ्यावर परवानगी आहे का, हे बघायला. आणि पाच वर्षांत तिला ती किती वेळा मिळाली असेल?

"आर यू क्रायिंग?"

"थोडी."

"स्केअर्ड क्रायिंग?"

"नाही," मी म्हणाले. "हे वेगळं आहे. तू बस."

आणि मेल्विनला फोन लावला. "उद्या दुपारी काय करतोयस? रुहीला सायकल शिकवायचीय. मला पळवत नाही."

"उद्या बुधवार आहे," तो म्हणाला.

"माहितेय."

*

डब्ल्यू अँड ओडी ही चालण्या-सायकलची ट्रेल अ‍ॅशबर्नच्या मधून जाते, जुन्या रेल्वेच्या वाटेवरून. एप्रिलचं गार ऊन होतं, डॉगवुडला पांढरी फुलं आलेली. मी बाकावर बसले. रुही सायकलवर, मागची जास्तीची चाकं त्या दिवशीच काढलेली, आणि मेल्विन सीट धरून तिच्याबरोबर धावणारा. दोनतीन फेऱ्यांनंतर तो धापा टाकत माझ्याशेजारी येऊन बसला. रुही समोरच गोल गोल फिरत होती.

"आता तुझी बाजू मी मांडते," मी म्हणाले. "मिनेसोटाची."

"ओके."

"एक. दहा वर्षं तू यासाठीच घासलीयस. दोन. हायस्कूलमध्ये शिकवतो म्हटल्यावर तुझे कॉलेजातले मित्र 'हाऊ नाइस' म्हणतील आणि विषय बदलतील. तुला ते लागेल, तू दाखवणार नाहीस. तीन. तुझी आई तुला घेऊन न्यू जर्सीला आली, रात्रपाळ्यांत नर्सिंग केलं, कारण मुलाने प्रोफेसर व्हावं. चार. मी तुला थांब म्हणाले आणि आपलं जमलं नाही, तर तुझ्याकडे ना नोकरी, ना मी. आणि पाच – मी तुला थांब म्हणणार नाहीये. तुझं भलं तिकडे असेल तर जा. हे मी रडून नाही, नीट विचार करून बोलतेय."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "बरोबर मांडलंस. फक्त तिसरं थोडं कमी मांडलंस. आईने दोन ठिकाणी रात्रपाळी केली."

"मग? उत्तर?"

"आणि तुझा आक्षेप? तो राहिलाच आहे."

"त्याचं उत्तर मिळालं. माझ्या मुलीने दिलं." मी त्याला कारमधलं बोलणं सांगितलं. शेवटच्या वाक्याला त्याने रुहीकडे बघितलं, बराच वेळ.

"मम्मा!" रुही ओरडली. "कॅन आय गो टु द ब्रिज?"

पूल वळणाच्या पलीकडे होता. बाकावरून दिसत नाही. मी उठायला लागले... आणि मग उठले नाही. चेहरा जमेल तितका मोकळा ठेवला. रुही निरखून बघत होती.

"जा," मी म्हणाले. "मेल्विन येईल तुझ्याबरोबर. मी इथे बसते."

त्याने माझ्याकडे वळून बघितलं. "नक्की?"

"जा पटकन. माझा विचार बदलेल."

ते गेले. आधी रुहीचं जांभळं हेल्मेट दिसेनासं झालं, मग तो. मी बाकाची कड धरून बसले. एक म्हातारं जोडपं कुत्रा घेऊन गेलं. पुलाच्या बाजूने कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं. माझे पाय उठले; मी त्यांना परत खाली बसवलं. हात धरायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून स्वतःचाच धरला.

मग ते आले. रुही चालत होती. तिचा गुडघा खरचटला होता, पायमोज्यापर्यंत रक्ताची बारीक रेघ, आणि चेहरा असा फुललेला की काही विचारायला नको. "आय फेल! अँड आय गॉट अप! ऑल बाय मायसेल्फ!"

मेल्विन मागून सायकल ढकलत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाकाशी येऊन त्याने सायकल गवतात टाकली आणि धप्पकन बसला.

"मी सीट सोडली," तो म्हणाला. "सेकंदभर. ती म्हणाली सोड, म्हणून सोडली. समोरून एक सायकलवाला येत होता, तो बाजूने निघून गेला, पण मला वाटलं... मृणालिनी, मला वाटलं, संपलं."

त्याने हात पुढे केले. ते थरथरत होते.

"तुला हे असं नेहमी होतं?"

"रोज."

"रोज? आणि तू ऑफिसला जातेस, स्वयंपाक करतेस? माणसांशी बोलतेस?"

"पर्समध्ये बँडएड ठेवते," मी म्हणाले, आणि रुहीच्या गुडघ्याला लावलं. मग त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत घेतले. ते गार होते आणि थरथर थांबत नव्हती. माझे मात्र, कधी नव्हे ते, स्थिर होते.

"मिनेसोटातून नाही जमणार," तो म्हणाला.

"काय नाही जमणार?"

"हे. ही भीती. हजारभर मैलांवरून मी नाही सहन करू शकणार. इथे शाळेतल्या पोरांना तर्कशास्त्र शिकवेन, चारला सुटेन आणि साडेचारला डोळ्यांनी बघेन की ती धड आहे." तो थांबला. "आणि तू. तू धड आहेस की नाही, तेही. स्वतः सोडून तू सगळ्यांची काळजी करतेस. तेवढं एक काम शिल्लक आहे, ते मला दे."

माझ्याकडे आक्षेप नव्हता. शोधलाही नाही.

"माझ्या आईशी तू बोलायचंस," मी म्हणाले. "तुझं मराठी छान आहे."

तो हसला, इतक्या वेळात पहिल्यांदा. त्याच्या खांद्यावर डोकं टेकायला मला माझा चष्मा काढावा लागला. डॉगवुडची एक पाकळी त्याच्या बाहीवर येऊन पडली, आणि खिशातला त्याचा फोन वाजून वाजून बंद झाला. मिनेसोटाचाच असावा.

"अगेन!" रुही गवतातून सायकल उचलत होती. हेल्मेट तिने बाकावर काढून ठेवलेलं.

"हेल्मेट!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

तिने आमच्याकडे बघितलं. आधी माझ्या चेहऱ्याकडे, मग त्याच्या. दोन्हीकडे नीट बघून झाल्यावर सुस्कारा टाकला, हेल्मेट घातलं आणि पुलाच्या दिशेने निघाली.